चुकण्याची तालीम

आमचे घरमालक चहा कपाच्या बाहेर ओतायचे. आम्ही घर बघायला गेलो त्याच दिवशी हे झालं. अमेरिकेत, बेलव्ह्यूमधल्या एका मराठी गृहस्थांच्या घराचं बेसमेंट भाड्याने मिळणार आहे असं नवऱ्याला ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं. आम्ही ओली जॅकेटं मांडीवर घेऊन त्यांच्या सोफ्यावर अवघडून बसलो होतो. काकांनी किटली उचलली, माझ्याकडे बघून "नागपूरच्या का तुम्ही? वा!" म्हणाले आणि कपाच्या शेजारी, बशीत, शांतपणे चहा ओतत राहिले. बशी भरली, मग ट्रे भरायला लागला. मी "काका, काका" करत उठले, नवरा टिश्यू शोधायला धावला. काकांनी किटली खाली ठेवली आणि आमच्याकडे पाहिलं. चेहरा अगदी उतरला होता.

"हसला नाहीत तुम्ही," ते म्हणाले.

आता सत्तरीच्या माणसाच्या हातून चहा सांडला तर कोणाला हसू येईल? आम्हाला दोघांनाही आईवडिलांनी चांगलं वळण लावलं होतं. खाली गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "थकलेत बिचारे. एकटे राहतात वाटतं." मी म्हटलं, बेसमेंटला खिडकी आहे, तेवढं बास. आम्ही हो म्हणून टाकलं.

ती मंदीची वर्षं होती. नवऱ्याच्या ऑफिसात दर शुक्रवारी कोणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं, आणि शनिवार-रविवार आम्ही पुढच्या शुक्रवारचा विचार करण्यात घालवायचो. नवऱ्याच्या व्हिसाला चिकटून आल्यामुळे मला नोकरी करायची परवानगी नव्हती. नागपुरात मी कॉलेजात शिकवत होते. इथे मी गाजराचे तुकडे करत होते. ऑक्टोबरात ढग खाली उतरायचे ते मेपर्यंत हलायचे नाहीत, छपरावर शेवाळ वाढायचं, आणि दिवसभर त्या घरात दोनच माणसं असायची. खाली मी आणि वर काका. त्यामुळे मी त्यांच्याकडे करमणूक म्हणून पाहायला लागले यात माझा फार दोष नाही.

आणि करमणूक भरपूर होती. काका एका पायात तपकिरी बूट आणि एका पायात काळा घालून पत्रपेटीपर्यंत जायचे. शेजारच्या अमेरिकन बाईंना सलग तीन वेगवेगळ्या नावांनी हाक मारायचे, आणि चौथ्यांदा अगदी खरं नाव घेऊन तब्येत विचारायचे. चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधायचे. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला गेले तर तिळगूळ दुसऱ्याच्या हातावर ठेवायच्या ऐवजी स्वतःच्याच दुसऱ्या हातावर ठेवायचे आणि स्वतःलाच "गोड बोला" म्हणायचे. लोक गालातल्या गालात हसून बाजूला व्हायचे आणि मागे कुजबुजायचे, "काकांचं जरा हे व्हायला लागलंय हं." हे म्हणजे काय ते कोणी सांगायचं नाही. नुसतं कपाळाकडे बोट जायचं.

खरी गोष्ट मला कळली ती हिवाळ्यात, बेसमेंटचा हीटर बंद पडला म्हणून मी वर जाऊन बसले तेव्हा. काका गॅरेजमध्ये होते. दार अर्धवट उघडं होतं. ते एका पेल्यात अंडं टाकत होते आणि अंडं पेल्याच्या काठाला लागून बाहेर पडत होतं. लाकडाचं अंडं होतं. पडलं की उचलायचे, पुन्हा टाकायचे. मधेच अंडं पेल्यात गेलं तर "चक्" करून वैतागायचे.

"काका, काय करताय?"

"तालीम," ते म्हणाले. "काठाला लागून पडायला हवं. जवळजवळ आत जातंय असं वाटायला हवं. लांब पडलं की नुसतं पडतं गं, त्यात काही मजा नाही."

मग त्यांनी मला गॅरेजमधल्या घडीच्या खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. पुढची तीन वर्षं तेच सगळं तुकड्या-तुकड्यांनी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. माझी कधी तक्रार नव्हती. गाजरांपेक्षा ते बरं होतं.

त्यांचे वडील जादूगार होते. पण चुकणारे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालायची. दोन अंकांच्या मधे राजवाड्याचं अरण्य करायला वेळ लागायचा आणि तेवढ्यात प्रेक्षक उठून जाऊ नयेत म्हणून नाटक कंपन्या कोणाला तरी पडद्यापुढे उभं करायच्या. काकांचे वडील मुळात कंपनीच्या आचाऱ्याच्या हाताखाली होते. कुठल्याशा फिरत्या जादूगाराकडून ते चार हातचलाख्या शिकले होते, म्हणून एकदा त्यांनाच पुढे ढकललं. त्यांनी गावच्या मामलेदारांचं घड्याळ मागून घेतलं, खलबत्त्यात टाकलं, दणादण कुटल्यासारखं केलं, आणि मंत्र म्हणून घड्याळ परत आणायच्या वेळी समोर मामलेदारांचा लालबुंद चेहरा दिसला. घाबरून मंत्रच विसरले. खिसे तपासले, फेटा सोडून पाहिला, शेवटी मामलेदारांनाच विचारलं, "साहेब, मी काय म्हणणार होतो?" सगळं थिएटर हसून हसून लोळलं. पडदा पडल्यावर ते कंपनीच्या मालकांपुढे मान खाली घालून उभे राहिले. आता बिऱ्हाड उचलायचं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मालक म्हणाले, "उद्या असंच चुकायचं."

"आणि तिथेच सगळी गोची झाली," काका सांगायचे. "दुसऱ्या दिवशी बाबा मुद्दाम चुकले आणि कोणी ढिम्म हसलं नाही. नीट जादू करायला ते दोन महिन्यांत शिकले होते. नीट चुकायला त्यांना कितीतरी वर्षं लागली."

पण शिकले. गावोगाव जाहिरातीत त्यांचं नाव नाटकाच्या नावाखाली, बारीक अक्षरात का होईना, छापून यायला लागलं. पत्र्याची पदकं छातीभर लावून ते यायचे, आल्या आल्या त्यातलं एक गळून पडायचं, ते उचलायला वाकले की दुसरं पडायचं. हातरुमालातून कबूतर काढायचे ते उलटं निघायचं. तोंडातून रंगीत फीत ओढायचे, ओढता ओढता शेवटी धोब्याच्या हिशेबाची चिठ्ठी लावलेला बनियन बाहेर यायचा. लोक चपला फेकायचे. काकांच्या म्हणण्याप्रमाणे मिरजेला त्यांना एकाच पायाच्या इतक्या चपला मिळाल्या की दुसऱ्या दिवशी लोक अनवाणी येऊन मागून घेऊन गेले. यातलं खरं किती, देव जाणे.

मग बोलपट आले. नाटक कंपन्या एकेक करून बसल्या. वडील शाळाशाळांतून खेळ करू लागले. तिथे हेडमास्तर छडी घेऊन बाजूला उभे असायचे आणि पोरं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून जादू बघायची. "बाबा म्हणायचे, चपला परवडल्या," काका सांगायचे. शेवटी ते एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या काट्यावर कारकून झाले. काट्यावर आयुष्यात एकदाही चुकले नाहीत. संध्याकाळी घरी येऊन, सदरा खुंटीला अडकवून, मुलाला समोर बसवायचे आणि एकेक चूक शिकवायचे. मुलाने ती पोटापाण्यासाठी वापरावी असं त्यांना बिलकुल वाटत नव्हतं. फक्त कोणाला तरी येत असावी, एवढंच.

मुलगा इंजिनियर झाला, अमेरिकेला आला आणि त्याने जन्मभर पुलांची गणितं केली.

"पुलात चुकायची सोय नसते," काका म्हणायचे. "इतकी वर्षं रोज सकाळी उठून बरोबर असायचं म्हणजे काय कंटाळा असतो, तुला कल्पना नाही. ही होती तोवर घरात तरी चुकायचो. ती ओरडायची, मजा यायची. ती गेल्यावर चुकायचं कोणापुढे?"

ही म्हणजे काकू. मी आले त्याच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या होत्या. मग काकांनी वडिलांचा सगळा खेळ पुन्हा बसवायला घेतला होता आणि साऱ्या बेलव्ह्यूला त्यात फुकटचे प्रेक्षक करून टाकलं होतं. लोकांना आपण प्रेक्षक आहोत हे माहीत नव्हतं, इतकीच अडचण.

घड्याळाचा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तो गॅरेजमध्ये, एका दुपारी. त्यांनी माझं घड्याळ घेतलं, काकूंच्या पितळी खलबत्त्यात टाकलं, कुटलं. मग दोन्ही हात वर करून मंत्राला सुरुवात केली आणि थांबले. इकडे तिकडे पाहिलं. हातातल्या बत्त्याकडे पाहिलं. माझ्याकडे बघून बारीक आवाजात म्हणाले, "अगं, मी काय करत होतो?"

त्यांची नजर अशी काही झाली होती की मी घड्याळबिड्याळ विसरले आणि फोनकडे धावले. ॲम्ब्युलन्ससाठी नऊशे अकरा लावणार इतक्यात माझ्या मागून माझंच घड्याळ माझ्या कानाशी टिकटिकलं. ते त्यांनी स्वतःच्या कानात भिकबाळीसारखं अडकवलं होतं आणि मान वाकडी करून माझ्या खांद्याशी उभे होते. मी आधी रडले आणि मग इतकी हसले की जमिनीवर बसले. अमेरिकेत आल्यापासून तशी हसले नव्हते.

"भीती आधी वाटली पाहिजे," काका खूष होऊन म्हणाले. "मग आपल्याला बनवलं हे कळलं पाहिजे. हसू त्या दोन्हींच्या मधे असतं. पण थांबायचं किती, ते बाबांनाच माहीत होतं. मी अजून शोधतोय."

त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला राहायची. सॉफ्टवेअरमध्ये, बरीच वरच्या पदावर, दोन मुलं, नवरा सारखा विमानात. रोज संध्याकाळी फोन करायची. काका फोन स्पीकरवर टाकून भांडी घासायचे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. ते मराठीत बोलायचे, ती बहुतेक इंग्लिशमध्ये. बेलव्ह्यूची कुजबुज तिथपर्यंत पोचली होती. काकूंच्या कोणा मैत्रिणीने तिला कळवलं होतं की बाबांना माणसांची नावं आठवत नाहीत, बूट उलटसुलट घालतात. त्यातच एकदा कुकर करपून घरभर धूर झाला, अलार्म वाजला, फायर ट्रक आला. आणि एकदा गॅरेजचं दार बंद ठेवून गाडी तासभर चालू राहिली. ती मी बंद केली होती. तेही तिला कळलं.

"डॅड, धिस इज नॉट फनी एनीमोर," ती म्हणाली.

तिने एक जागा पाहून ठेवली होती. तिच्या घरापासून जवळ, म्हाताऱ्या माणसांसाठी, जेवण, नर्स, सगळं. बेलव्ह्यूचं घर विकायचं. काका भांडी घासत राहिले. मग हात पुसून फोनजवळ आले.

"असं करू," ते म्हणाले. "गणपतीला तू ये. मंडळाच्या कार्यक्रमात मी बाबांचा खेळ करतो. पूर्ण. तो बघ. बघितल्यावरही तुला वाटलं की माझं डोकं ठिकाणावर नाही, तर मी मुकाट्याने तुझ्याबरोबर येईन. एक शब्द बोलणार नाही."

बिचारीही थकली असणार. शेवटी म्हणाली, "प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

मला ही पैज तेव्हाच बरोबर वाटली आणि आजही वाटते. तो खेळ डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला करताच आला नसता. प्रत्येक चूक ठरलेली, प्रत्येकीची वेळ बांधलेली. पेल्याच्या काठावरून अंडं पडायचं ते कुठल्या पावलाला, हेसुद्धा ठरलेलं. मी फक्त एवढंच म्हटलं, "काका, ते विसरण्याचं तेवढं गाळा. बाकी सगळं करा."

ते रागावले. माझ्यावर रागावलेले मी त्यांना तेवढंच पाहिलं. "तेच तर आहे," ते म्हणाले. "बाकीची सगळी मिरवणूक आहे. देव कोण, तर ते."

मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. सांस्कृतिक बाजू मंजिरीताईंकडे होती. पुण्याच्या, अतिशय कामसू, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावून जाणाऱ्या. काकूंच्या आजारपणात त्यांनी महिनाभर डबा पोचवला होता. त्यांनी मला दोनदा बाजूला घेऊन विचारलं, "अगं, पण झेपेल ना काकांना? म्हणजे हरकत काहीच नाही, उलट आपलं कर्तव्य आहे. पण स्टेजवर काही झालं तर?" मी म्हटलं, "ताई, चुकायचाच खेळ आहे तो. तुम्ही फक्त हसा." त्या म्हणाल्या, "हो हो, आम्ही सांभाळून घेऊ." तिथेच मला शंका यायला हवी होती, पण मी स्वयंपाकाच्या टीममध्ये होते आणि मसालेभाताच्या ट्रेवरची फॉइल निघत नव्हती.

आरती झाली, पोरांचे नाच झाले, एका जोडप्याने भावगीत म्हटलं. मग काका आले. काळा कोट, भरजरी उपरणं, छातीवर डब्यांची झाकणं कापून केलेली पदकं. मुलगी पहिल्या रांगेत, तिची दोन्ही मुलं तिच्या शेजारी. मी तिसऱ्या रांगेत.

पहिलं पदक पडलं. हॉलमध्ये कोणीतरी "अरेरे" म्हणालं. काका वाकले, दुसरं पडलं. पुढच्या रांगेतला एक सज्जन माणूस चटकन उठून स्टेजजवळ गेला आणि पदक उचलून आदराने काकांच्या हातात दिलं. काकांनी ते घेतलं. काय करणार? अंडं पेल्याच्या काठाला लागून पडलं, इतकं नेमकं पडलं की मला गॅरेजमधल्या सगळ्या दुपारी आठवल्या. दोन-चार पोरं खिदळली. लगेच त्यांच्या आयांनी त्यांना दटावलं, "श्श! आजोबा आहेत ना? डोन्ट लाफ. ही इज नॉट वेल." पोरं गप्प बसली. तोंडातून फीत निघाली, बनियन निघाला. मी मोठ्याने हसले. मुद्दाम नाही, मला खरंच हसू आलं. शेजारच्या काकूंनी माझा हात दाबला आणि डोळे मोठे केले. "हसतेस काय अगं? आजारी माणूस आहे."

मी पुन्हा हसले, या वेळी मुद्दाम. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकटीचं हसणं फार वाईट ऐकू येतं.

काकांनी मंडळाच्या अध्यक्षांचं घड्याळ मागून घेतलं. खलबत्त्यात टाकलं. कुटलं. हात वर केले. आणि थांबले.

इतका सुंदर थांबलेला माणूस मी पाहिला नाही. इतकी वर्षं ज्याचा शोध चालला होता तो थांबा त्यांना त्या संध्याकाळी सापडला होता, हे मला बसल्या जागी कळलं. त्यांनी हातातल्या बत्त्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं, आणि अगदी साध्या, हरवलेल्या आवाजात विचारलं, "मी काय करत होतो?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. कोणीतरी हुंदका दिला. त्यांची मुलगी खुर्चीतून अर्धी उठली होती आणि दोन्ही हात तोंडावर होते. आणि विंगेतून मंजिरीताई आल्या. हातात घडीची खुर्ची. त्यांनी ती काकांच्या मागे उघडून ठेवली, त्यांचा दंड धरला, अलगद खाली बसवलं, आणि माइक घेऊन म्हणाल्या, "या वयातही आपल्यासाठी एवढा प्रयत्न केला. काकांसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या सुरू झाल्या. काका खुर्चीत बसून त्या टाळ्यांकडे बघत होते. मला वाटलं, आता ते ओरडतील, सांगतील की मूर्खांनो, हाच खेळ आहे. तसं ते काही बोलले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने मंजिरीताईंना जरा वाकायला सांगितलं, आणि त्यांच्या अंबाड्यावरच्या गजऱ्यातून अध्यक्षांचं घड्याळ काढून दिलं. स्वच्छ, सरळ, एकही चूक नाही. कुठल्याही जादूगाराने केली असती तशी जादू.

सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. "जमलं! काकांना जमलं!" असं माझ्या मागचे गृहस्थ ओरडले आणि त्यांनी डोळे पुसले.

परतताना गाडी मी चालवत होते, मुलगी मागे मुलांबरोबर. ती म्हणाली, "डॅड, द लास्ट वन वॉज ब्यूटिफुल." काका खिडकीतून बाहेर पाहत होते. मराठीत, बहुतेक मलाच, म्हणाले, "बाबांना लोकांनी चपला मारल्या. पण उभं राहून टाळ्या कधी कोणी वाजवल्या नाहीत."

घरी आल्यावर मुलीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "बी ऑनेस्ट," ती म्हणाली. "दॅट वॉज द ॲक्ट, राइट? ही डिडन्ट रिअली फर्गेट?"

"ॲक्टच होता. मी शंभर वेळा पाहिलाय."

"अँड द कार? गॅरेज बंद करून गाडी चालू ठेवली, दॅट वॉज ऑल्सो द ॲक्ट?"

मीच विचार करून थकले होते त्यावर. ती वाईट नव्हती हो. तिचे डोळे सुजले होते, सकाळी सहाच्या विमानाने परत जाऊन तिला दहाला मीटिंग होती. ती काकांच्या खोलीत गेली. आतून बोलण्याचा आवाज आला नाही. काकांनी शब्द दिला होता, त्यामुळे बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आत घर विकलं गेलं. आमच्याही नशिबात हलणं होतंच. नवऱ्याला टेक्सासमध्ये काम मिळालं आणि आम्ही फ्रिस्कोला गेलो. तिथे ऊन होतं, नवीन घरं होती, पुढे मला कामाची परवानगी मिळाली. दिवाळीला मी काकांना फोन करायचे. ते नीट बोलायचे, नीट चौकशी करायचे. कोणी फोनवर इतकं नीट बोललं की मला वाईट वाटतं, हे त्यांच्यामुळे लागलेलं खूळ.

मंजिरीताईंचा मला पुष्कळ दिवस राग होता. आता नाही. आपल्या माणसांना म्हातारा माणूस चुकताना बघवत नाही, यात त्यांचं एकटीचं काय चुकलं? आपण हात धरायला धावतो. आपल्याला तेवढंच येतं. पण त्या संध्याकाळी हात धरायला कोणी आलं नसतं, फक्त एवढ्यावर काकांचं घर टिकलं असतं, असं मला वाटतं.

मध्यंतरी ऑफिसच्या कामासाठी कॅलिफोर्नियाला गेले होते तेव्हा त्यांना भेटून आले. जागा छान होती. झाडं, कारंजं, गालिचे. जेवणाची वेळ होती, मला त्यांच्या टेबलाशी बसवलं. काका वाळले होते. मला ओळखलं, नवऱ्याचं नाव घेऊन विचारपूस केली. समोर एक पांढऱ्या केसांच्या अमेरिकन बाई बसल्या होत्या, गळ्यात मोत्यांची माळ, ओठांना लिपस्टिक. काकांनी त्यांची ओळख करून दिली आणि मराठीत म्हणाले, "यांना कालचं काही आठवत नाही. फार गुणी बाई आहेत."

जेवण अर्धं झालं होतं. काका एकदम उठले, खुर्ची मागे सारली, दोन पावलं गेले आणि थांबले. हात हवेत तसाच. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्या बाईंकडे वळून इंग्लिशमध्ये विचारलं की मी कशाला उठलो होतो?

बाई फसकन हसल्या. टेबलावर हात आपटून, मोत्यांची माळ हलेपर्यंत हसल्या. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबाही हसायला लागले. ना कोणी "अरेरे" म्हणालं, ना कोणी धावत आलं. काकांनी दोघांना मान लववून नमस्कार केला आणि येऊन बसले. त्यांच्या गालांवर रंग आला होता.

"रोज हसतात," ते मला म्हणाले. "आणि उद्या पुन्हा पाटी कोरी. बाबांना यासाठी रोज गाव बदलावं लागायचं गं. बैलगाड्या, सामान, काय काय. मला गाव एकच आणि पब्लिक रोज नवं."

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. म्हटलं, चला, कुठे का होईना, मिळाले एकदाचे प्रेक्षक. मी ताटातला तुकडा उचलला. बाई अजून डोळे पुसत होत्या.

काका माझ्याकडे झुकले. आवाज खाली आणून, बाईंना ऐकू जाणार नाही असं, मराठीत म्हणाले, "पण अगं, मी खरंच कशाला उठलो होतो?"

मी हसले. चांगली मोठ्याने हसले, ते पाहून समोरच्या बाईंनाही पुन्हा हसू फुटलं. काका आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहत होते आणि उत्तराची वाट बघत होते.